पिळाचं लाटणं

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं, तेव्हा लाटणं जागेवर नव्हतं.

लुगड्याच्या ज्या तुकड्यात ते गुंडाळलेलं असायचं, तो तुकडा होता. नीट घडी घातलेला. कुलूप शाबूत, कडी शाबूत. एक किल्ली माझ्या कमरेला होती. दुसरी बायाक्कांकडे.

गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, मिरजेतली. मी आणि बायाक्का कोरे मिळून पोळी-भाजी केंद्र चालवत होतो. परवाना माझ्या नावावर होता, पण पहिली चूल दोघींनी मिळून पेटवलेली. त्या माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, माहेर कर्नाटकात अथणीकडचं. सगळे त्यांना अक्का म्हणत. एरवी सकाळी साडेदहाच्या आत दोन वसतिगृहांना आणि दवाखान्यात पेशंटजवळ राहणाऱ्या नातेवाइकांना मिळून नऊशे पोळ्या जायच्या. त्या दिवशी सणामुळे वसतिगृहं रिकामी होती. दीडशे पोळ्यांचंच काम होतं, तेवढी कणीक मंदाने हातानेच मळली होती.

"मंदा, अक्का येऊन गेल्या का सकाळी?" मी बाहेर येऊन विचारलं.

मंदा आमच्याकडे पोळ्या लाटायला होती. तिने मान वर केली नाही. "आज खंडेनवमी न्हवं का ताई. घरची पूजा करून बारापर्यंत येते म्हणाल्यात की. काल तुमच्यासमोरच सांगितलंय."

"काल कपाट कुणी लावलं?"

"मी पाचला गेले. तुम्ही दोघीच होतासा." तिने तव्यावरची पोळी उलटली. "काय हरवलं का?"

"काही नाही."

"मग तोंड असं कशाला केलंय?"

मी पुन्हा आत गेले. खालचा कप्पा पाहिला, पिठाच्या डब्यांमागे पाहिलं. कपाट ओढून भिंतीशी हात घातला. लाटणं वीस इंचांचं आणि दोन किलोंच्या वर वजनाचं होतं. सांदीत पडून राहील अशी वस्तू नव्हती.

ते पोळी लाटायचं नव्हतंच. कणीक तिंबायचं होतं. रोज अठरा किलो कणीक मळून अक्कांचं उजवं मनगट गेलं होतं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि हात वापरू नका म्हणून सांगितलं. कणीक मळायचं मशीन आठ दिवस आणून पाहिलं. त्यातल्या पोळ्या थंड झाल्या की वातड व्हायच्या, डबे भरलेले परत यायचे. मशीन परत गेलं. मग एक विचार पुढे आला. मनगटाने रेटण्याऐवजी उभं राहून सगळ्या अंगाचा भार कणकेवर टाकता येईल असं जड लाटणं केलं तर?

दस्तगीरभाई कातारी होते. तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या खुंट्या कातून द्यायचे. शिसवीचं पहिलं लाटणं त्यांनी गुळगुळीत करून दिलं. त्याने कणीक नुसती पसरायची. दुसऱ्याला आडव्या खाचा पाडल्या, तर कणीक खाचांत अडकून बसायची. तिसऱ्याला दोरीला असतो तसा पीळ दिला, पण त्या पिळावरून कणीक सरकत सरकत डावीकडे जायची आणि ओट्याच्या कडेवरून खाली लोंबायची.

"निघाली बघा कणीक अथणीला," मंदा म्हणाली होती. अक्का पोट धरून हसल्या होत्या.

चौथ्या वेळी दोन्ही टोकांकडून निघून मध्यावर भेटणारा पीळ पाडायचं ठरलं. ते लाटणं ओट्यावर पहिल्यांदा फिरवलं तो दिवस मला आठवतो. कणीक दोन्हीकडून मध्ये गोळा होत गेली. घडी घालायची, भार टाकायचा, पुन्हा घडी. बावीस मिनिटांत सहा किलोंचा गोळा लोण्यासारखा झाला. अक्कांनी मनगटाचा पट्टा काढून खुंटीला टांगला.

आवटी सर डबा न्यायला यायचे. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांनी लाटणं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, याची नोंदणी करून घ्या. असं कुठे नाहीये." अर्ज, आकृत्या सगळं ते करून देणार होते. एकच अट घातली. "अर्ज जाईपर्यंत बाहेरच्या माणसाला दाखवायचं नाही. फोटो तर मुळीच नाही. एकदा चारचौघांत आलं की ते नवीन राहत नाही. मग कुणीही करून विकेल आणि तुम्ही काही म्हणू शकणार नाही."

त्या दिवशी मी कुलूप आणलं. त्यानंतर माझं माणसांकडे बघणं बदललं. गॅसचा माणूस आत डोकावला की मी लाटण्यावर फडकं टाकायची. डबेवाल्याने "आत काय ठोकाठोक चाललीय?" म्हणून विचारलं, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. अक्का म्हणायच्या, "लाटणं हाय गं सुनंदा. सोनं न्हवं."

अर्ज सोमवारी जाणार होता. गुरुवारी दुपारी चार वाजता सर शेवटचे फोटो आणि मापं घ्यायला येणार होते. त्याच्या तयारीसाठी मी कपाट उघडलं होतं.

पावणेदहाला मी दस्तगीरभाईंच्या दुकानात पोचले. ते एकटेच होते. लेथ बंद करून त्यांनी अंगावरचा भुसा झटकला.

"या बाई. पाचवं करायचं काय आता?"

"भाई, तुम्ही त्याचं दुसरं केलंत का? तसंच?"

"कशाला करू?"

"एका ओंडक्यात दोन लाटणी निघतात. तुम्हीच म्हणाला होता."

 त्यांनी उठून कोपऱ्यातली पाटी पुढे ओढली. तिच्यात आमची आधीची तिन्ही लाटणी होती आणि एक लांबट तुकडा, मधोमध तडकलेला. "हे त्याचं जोडीदार. कातताना फुटलं. जाळायला पण मन होईना म्हणून ठेवलंय. मोजून घ्या."

"तसं नाही भाई—"

"तसंच हाय. माझ्या खुंट्या पार बंगालात जातात बाई. मी म्हातारपणी तुमचं लाटणं चोरू व्हय?" ते हसले, पण पाटी पुन्हा आत ढकलताना पायाने ढकलली. "हरवलंय काय?"

"सापडत नाहीये."

"अक्कांना विचारलं?"

"किल्ली त्यांच्याकडे आहे."

"मी किल्लीचं विचारलं न्हाई." त्यांनी लेथचं बटण दाबण्यासाठी हात नेला आणि तसाच ठेवला. "पीळ मध्याकडं वळवा, हे त्या दिवशी इथं बसून कोण बोललं होतं, ते ध्यानात हाय न्हवं तुमच्या?"

मी चपला घातल्या. लेथ सुरू झाली.

केंद्रावर परतेपर्यंत माझ्या डोक्यात एकच नाव पक्कं झालं होतं. अक्कांचे जावई शिवलिंग. जयसिंगपुरात त्यांचं भांड्यांचं दुकान. पोळपाट, लाटणी, रव्या, पाट, सगळं लाकूडसामान ते ठेवायचे. महिन्यापूर्वी केंद्रात येऊन बसले होते आणि दोनदा आतल्या खोलीकडे पाहिलं होतं. त्या वेळी मी ते मनात टिपून ठेवलं होतं.

दहा पस्तीसला मी त्यांना फोन लावला.

"जावईबापू, मोठी परात आहे का हो दुकानात? पितळेची?"

"हाय की. पण आज दुकान उशिरा उघडणार ताई. आम्ही सगळी मिरजेतच हाय."

"मिरजेत?"

"आईंकडं. पूजेला. आई तुमच्याकडंच येणार हायत तासाभरात." मग जरा थांबून म्हणाले, "लाटणं भारी केलंय हं तुम्ही. आईंनी दाखवलं."

मी फोन ठेवला. मला हवं होतं तेवढं कळलं होतं. निदान तसं वाटलं.

अक्का पावणेबाराला आल्या. जरीकाठी इरकल, कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडातून लाकडाची मूठ दिसत होती. त्यांनी ती लपवली नव्हती. सरळ आत गेल्या, कपाट उघडलं, लाटणं फडक्याने पुसलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि ठेवलं. मी दारात उभी होते.

"कुठे नेलं होतंत?"

"घरी."

"कुणाला विचारून?"

त्या वळल्या. "कुणाला विचारायचं होतं?"

"सरांनी काय सांगितलं होतं, अक्का? बाहेरच्याला दाखवायचं नाही. तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"माझं घर बाहेरचं?"

"जयसिंगपूरचं दुकान बाहेरचंच आहे."

मंदाचं लाटणं थांबलं. बाहेर तव्यावर पोळी करपल्याचा वास आला आणि तिने धावत जाऊन ती काढली. अक्कांनी कपाटाला कुलूप लावलं.

"सरळ विचार की," त्या म्हणाल्या. "आडून कशाला? जावयाला विकलं का, असं विचार."

"विकलंत का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, ज्यांचं लाकूडसामानाचं दुकान आहे त्यांच्यापुढे तुम्ही ते नेऊन ठेवलंत. अर्जाला चार दिवस राहिले असताना. यातून मी काय समजायचं?"

"तू समजलीस न्हवं. मग झालं."

"अक्का, उत्तर द्या मला."

"माझ्या हातनं झालेली वस्तू माझ्या घरात न्यायला तुला विचारू? सोळा वर्षं तुझ्या शेजारी उभी हाय मी. मीठ जास्त पडलं तरी तू मला विचारायचीस, अक्का काय करू म्हणून. आणि आज मला विचारतीस, विकलं का?" त्यांचा आवाज चढला नाही. कमरेच्या चाबीछल्ल्यातून कपाटाची किल्ली काढायला त्यांना वेळ लागला. उजव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. मी मदत केली नाही. किल्ली त्यांनी ओट्यावर, सुक्या पिठात ठेवली.

"अक्का, निदान जेवून तरी जावा," मंदा म्हणाली.

"पोट भरलं गं," अक्का म्हणाल्या आणि गेल्या. जाताना स्वतःचा पोळपाट घेऊन गेल्या. खुंटीवरचा मनगटाचा पट्टा तसाच राहिला.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार वाजता सर आले. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, पिळाचा कोन मोजला, दोन जागी माझी सही घेतली. दुसऱ्या दिवशी दसरा. पुरणपोळ्यांच्या मागणीमुळे सकाळपासून मान वर करायला वेळ नव्हता. पेपर आला तो मंदाने न उघडता ओट्याखाली ठेवला.

सोमवारी सकाळी सव्वाआठला सर परत आले. डबा न्यायची ती वेळ नव्हती. हातात दसऱ्याच्या दिवशीच्या पेपरचं आतलं पान होतं, चार घड्या केलेलं.

"हे तुम्ही दिलंत?"

फोटो तीन कॉलमी होता. एका घरातला पाट, पाटावर विळी, खलबत्ता, गवंड्याची थापी आणि ओळंबा, मधोमध आमचं लाटणं. त्याला हळदकुंकू लावलेलं, दोन्ही मुठींना झेंडूच्या माळा. पीळ अगदी स्वच्छ दिसत होता. पाटामागे अक्का हात जोडून बसल्या होत्या. गवंडीकामाची हत्यारं त्यांच्या नवऱ्याची. ते जाऊन वीस वर्षं झाली होती. खाली छापलं होतं: 'खंडेनवमीनिमित्त अवजारांची पूजा करताना मिरजेतील बायाक्का कोरे. मध्यभागी कणीक मळण्याचे नव्या पद्धतीचे लाटणे. ते आपण स्वतःच्या कल्पनेतून घडवून घेतल्याचे त्यांनी सांगितले.'

केंद्रातली पूजा मी आणि मंदाने गुरुवारी सकाळी सहालाच उरकली होती. तवे, पराती, सगळी लाटणी पाटावर मांडली होती. हे एक लाटणं मी बाहेर काढलं नव्हतं. बुधवारी अक्कांनी त्याबद्दल विचारलं होतं. "ज्याच्यावर हात चालतो ते पूजेबिगर ठेवू नये गं. हाताला लागतं ते." मी म्हणाले होते, "पुढच्या वर्षी करू, अक्का."

"म्हणजे पूजेसाठी नेलं होतं," मी म्हणाले.

"कशासाठी का असेना. आता पाठवण्यात अर्थ नाही. नवीन आहे असं लिहून सही करायची असते. मी तरी करू देणार नाही." सर खुर्चीवर बसले. "मला एक समजत नाही. हे कोरेबाईंनी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम कशाला करतील?"

"बुधवारी दुपारी मी आलो होतो, तुम्ही दवाखान्याचे डबे घेऊन गेला होता. त्यांनी अर्ज वाचून दाखवा म्हणून सांगितलं. मराठी वाचता येत नाही म्हणाल्या, कानडीच येतं. मी सगळा वाचला. मग म्हणाल्या, नावाचा रकाना पुन्हा वाचा."

"मग?"

"पुन्हा वाचला."

त्या रकान्यात एकच नाव होतं. सुनंदा मगदूम. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "नाव कुणाचं घालायचं? दोघींचं चालतं." मी म्हणाले होते, "माझंच घाला. कागदपत्रं सगळी माझ्याच नावावर आहेत, सोपं पडेल." अक्कांना सांगायचं होतं. सांगू म्हणून तीन आठवडे गेले होते.

आणि पीळ मध्याकडे वळवायचं अक्काच बोलल्या होत्या. दस्तगीरभाईंच्या दुकानात, स्टुलावर बसून, चहा पिताना. "नांगरताना दोन्हीकडनं माती मधी टाकत आलं की वरंबा उभा राहतो बघ. तसं कर की रे भाई." मी तेव्हा बशीत चहा ओतत होते.

"त्या काही बोलल्या?" मी सरांना विचारलं.

"नाही. बरं म्हणाल्या. मला सरबत दिलं."

त्याच संध्याकाळी त्यांनी लाटणं घरी नेलं होतं.

मी पेपरच्या त्या वार्ताहराला शोधून काढलं. अवजारपूजेचे फोटो काढायला तो दर वर्षी त्या गल्लीत फिरायचा. तुम्ही आपणहून त्या घरात गेलात की तुम्हाला बोलावलं, असं मी विचारलं. "दार उघडं होतं. आजीबाईंनी हाक मारली का मीच थांबलो, आता सांगता येणार नाही. त्या दिवशी वीस घरं केली मी," तो म्हणाला. लाटण्याबद्दल त्या काय बोलल्या, हे त्याने विचारून घेतलं की त्यांनी आपणहून सांगितलं, तेही त्याला आठवत नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी मी अक्कांच्या घरी गेले. कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, माहेरी गेल्या, सामान घेऊन.

दोन महिन्यांनी तसली लाटणी बाजारात दिसू लागली. सागाची, हलकी, पीळ उथळ. दोन वर्षांत ती सगळीकडे झाली. प्लास्टिकच्या मुठींचीही निघाली. पहिलं कुणी केलं, ते मी शोधायचा प्रयत्न केला. जयसिंगपूरला जाऊन शिवलिंगांच्या दुकानात उभी राहिले. त्यांच्याकडे ती होती.

"कुठून आणता?"

"पुण्याहून माल येतो. गिऱ्हाईक मागतंय म्हणून ठेवतो." त्यांनी मला बसायला स्टूल दिलं नाही. "पहिल्या वर्षी मी ठेवलं नव्हतं, ताई. आईंनी शपथ घातली होती. दुसऱ्या वर्षी त्याच म्हणाल्या, ठेव आता, सगळेच ठेवतात."

हे खरं की खोटं, ते मला ठरवता आलं नाही. फोटो पाहून कुणीही करू शकलं असतं. गुरुवारी सकाळी ज्यांनी ते हातात घेतलं, त्यांनाही करता आलं असतं. अक्का पूजेसाठी नेत होत्या, की ते कुणाचं आहे ते चारचौघांना सांगायला नेत होत्या, की दोन्ही, तेही मला ठरवता आलेलं नाही. एवढं नक्की की त्यांनी ते लपवून नेलं नव्हतं आणि लपवून आणलंही नव्हतं.

दस्तगीरभाई वारले. केंद्र आता मंदा चालवते. परवाना तिच्या नावावर करून दिला, तेव्हा नावाचा रकाना मी तिला मोठ्याने वाचायला लावला. तिला त्याचं कारण कळलं नाही.

अक्कांचा नंबर मला गेल्या महिन्यात मिळाला. त्या आता अथणीत भाच्याकडे असतात. वय ऐंशीच्या आसपास. पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्या झोपल्या होत्या. चार दिवसांनी, रविवारी सकाळी अकराला, पुन्हा केला. भाच्याच्या सुनेने उचलला. मागून आवाज आला, "यारु?" कोण, म्हणून. सुनेने माझं नाव सांगितलं. फोन हातातून हातात गेल्याचं ऐकू आलं.

"अक्का, मी सुनंदा," मी म्हणाले. "नावाचं मला सांगायचं होतं. तो रकाना मीच तसा भरायला सांगितला होता."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद फोन चालू होता. मग तो बंद झाला. त्यांनी ठेवला की रेंज गेली, ते कळायला मार्ग नाही. त्यानंतर मी अजून फोन केलेला नाही.